तासवाल्याची न्याहारी

एका गावात एक तासवाला होता, आणि त्या गावात घड्याळ म्हणून जे काही होतं ते एवढंच. काटे नाहीत, किल्ली नाही. चावडीच्या ओसरीवर पाण्यानं भरलेलं मोठं घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची एक वाटी, आणि त्या वाटीकडे टक लावून बसलेला रखमाजी.

वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्यातून पाणी हळूहळू आत चढायचं, वाटी जड होत जायची आणि शेवटी गुडुप बुडायची. ती बुडाली की एक घटका झाली. मग रखमाजीनं उठायचं, ओसरीला टांगलेली काशाची जाड थाळी लाकडी हातोड्यानं बडवायची आणि वाटी रिकामी करून परत पाण्यावर सोडायची. त्या थाळीलाच गावात तास म्हणत. सूर्य उगवल्यापासून जितक्या घटका झाल्या तितके टोले. पंधरा टोले पडले की दुपार, तीस पडले की दिवेलागण.

आता तुम्ही म्हणाल, हे काय काम झालं, नुसतं बसून तर राहायचं. बसून बघा एकदा. समोर संथ पाणी, त्यात संथ वाटी, आणि ती बुडेपर्यंत आपण मात्र बुडायचं नाही. भल्याभल्यांची मान डुलायला लागेल.

पण हे काम साधं नव्हतं. गावाला नदीवरच्या बंधाऱ्यातून एकच पाट येत होता आणि सगळी शेती त्या पाटावर. कोणी कधी आणि किती वेळ पाणी घ्यायचं ते टोल्यांवर ठरलेलं. तेरा टोले पडले की ठकूबाईच्या वांग्यांना पाणी, पंधरा पडले की तिनं दारं मोडायचं, म्हणजे पाटाचा मातीचा बांध फोडून वाट बदलायची, आणि पाणी पाटलांच्या उसाकडे वळायचं, ते वीस टोल्यांपर्यंत. असं दिवसभर. तास चुकला तर कोणाचं तरी रान वाळणार.

रखमाजीच्या घराण्यात हा तास चार पिढ्या होता आणि चार पिढ्यांत कोणी कोणाकडून वांगंसुद्धा फुकट घेतलं नव्हतं. रखमाजीला याचा भारी अभिमान. कोणी सहज म्हणून चार शेंगा पुढे केल्या तरी तो हात मागे घ्यायचा. म्हणायचा, "आज शेंगा घेतल्या तर उद्या वाटी हलेल." माणूस खरोखर स्वच्छ होता. खोट होती ती त्याच्या जेवणात.

सकाळी तो काही खायचा नाही. सगुणा, त्याची बायको, ताटलीत भाकरी घेऊन मागे लागायची, आणि हा धोतराचा सोगा खोचत पुढे. "सकाळी पोटात काही घातलं की सुस्ती येते," असं त्याचं शास्त्र. हे शास्त्र त्याला कोणी शिकवलं होतं देव जाणे. पाणीही प्यायचा नाही, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं आणि उठलं की वाटी एकटी पडते. एवढं घंगाळभर पाणी मांडीशी, आणि याची जीभ टाळूला चिकटलेली.

दुपारी मात्र सगुणा टोपली घेऊन आली की सकाळची सगळी कसर निघायची. पाच भाकरी, पिठलं, वर भाताचा डोंगर, त्यावर आमटी, मग पुन्हा थोडा भात, कारण आमटी उरली, मग पुन्हा थोडी आमटी, कारण भात कोरडा राहिला. वर तांब्याभर ताक. ते झालं की रखमाजी भिंतीला टेकायचा आणि त्याचे डोळे मिटायचे.

याला तो झोप म्हणत नसे. "मी डोळे मिटून पाण्याचा आवाज ऐकतो," असं सांगायचा. घोरत घोरत ऐकायचा.

मध्येच दचकून जागा झाला की गुळाचा मोठा खडा तोंडात टाकायचा. मग पाव घटका अशी हुशारी की ओसरी झाडून काढेल, हातोडा पुसेल, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारील. आणि पाव घटका सरली की पहिल्यापेक्षा गाढ. संध्याकाळी घरी जाईपर्यंत अंगात त्राण नसायचं, तरी ताटावर बसला की उठायचा नाही, आणि ते रात्रीचं जड जेवण पोटात तसंच असल्यामुळे सकाळी भूक नाही. असं ते चक्र फिरत होतं. "हल्ली थकवा फार वाटतो गं," असं तो सगुणाला रोज सांगायचा. सगुणा भाकरीकडे बोट दाखवायची, आणि हा दुसरीकडे बघायचा.

एवढ्यावर थांबतं तर गोष्ट सांगायची गरज नव्हती.

झालं असं की दहा टोले पडून गेले की रखमाजीच्या पोटात कावळे ओरडायला लागायचे. अकरा, बारा. डोकं गरगरायचं, हात थरथरायचे, जगाचा राग यायचा. एक दिवस तेरा टोले देऊन झाल्यावर तो वाटीकडे बघत होता. वाटी पाऊण भरली होती. नाहीतरी बुडणारच आहे, असं म्हणून त्यानं नकळत एक बोट तिच्या काठावर ठेवलं. वाटी बुडाली. चौदा टोले. मग पुढची वाटी, तिलाही तेच बोट. पंधरा टोले. सगुणा टोपली घेऊन धावत आली. म्हणाली, "आज दुपार लवकर झाली वाटतं?"

दुसऱ्या दिवशी बोट आपोआप गेलं. तिसऱ्या दिवशी अर्ध्या वाटीलाच गेलं.

गावाला कळायला हवं होतं, पण गावाचा तासावर सूर्यापेक्षा जास्त विश्वास. पंधरा टोले पडले आणि सूर्य अजून डोक्यावर आलेला नसला तर लोक वर बघून म्हणायचे, "आज सूर्याला उशीर झाला." आणि जेवायला बसायचे. दुपारी मग उलटा प्रकार. वाटी बुडून तळाला जायची, तिथंच पडून राहायची, रखमाजी पाण्याचा आवाज ऐकत असायचा. जाग आली की तो सावल्या बघून अंदाजानं एकदम पाच-सहा घटकांचे टोले हाणून मोकळा व्हायचा. दुपारची झोप लांबली म्हणून गावात कोणाची तक्रार नव्हती. उलट लोक म्हणायचे, उन्हाळा सुखाचा चाललाय.

एकटी ठकूबाई सोडून. ठकूबाई विधवा बाई, मूलबाळ नाही, वांग्यांचे बारा वाफे हाच तिचा वर्षाचा आधार. तिची पाळी दुपारच्या आधीच्या दोन घटका. पूर्वी त्या दोन घटकांत पाणी बाराव्या वाफ्याला पोचून वर थोडं उरायचंही. मग ते दहाव्याला थांबायला लागलं. मग आठव्याला. फाल्गुनात सातव्या वाफ्याशी ती फावडं घेऊन उभी असतानाच पंधरा टोले पडले आणि पाटलांचा गडी दारं मोडायला हजर झाला. मागच्या पाच वाफ्यांतली वांगी माना टाकून पडली होती.

ती तशीच चिखलाच्या पायांनी चावडीवर आली. पाटील आणि जोशीबुवा तिथं बसले होते. जोशीबुवा पंचांगवाले, गावाचे पंच.

"तास खोटा वाजतोय," ठकूबाई म्हणाली.

रखमाजी नुकताच जेवून टेकला होता. तो ताडकन उठून बसला. "मावशी, चार पिढ्यांत असं कोणी बोललं नाही."

"चार पिढ्यांत माझं पाणी सातव्या वाफ्यात अडलं नाही. मला टोले फार मोजता येत नाहीत बाबा, वाफे येतात."

पाटलांच्या कपाळावर आठी पडली. दुपारनंतरचं पाणी त्यांचं, म्हणजे बाईचा रोख आपल्यावर आहे असं त्यांना वाटलं. "माझा ऊस तर मुळकुजीनं पिवळा पडत चाललाय," ते म्हणाले. "तुझं पाणी घेऊन मी काय करू? पण तक्रार केलीस तर नीट ऐक. आठ दिवसांनी दिवस आणि रात्र सारखी. त्या दिवशी उगवतीपासून मावळतीपर्यंत बरोबर तीस घटका भरल्या पाहिजेत. आम्ही दुसरी वाटी घेऊन इथं बसू. तास खोटा निघाला तर तो रखमाजीच्या घरातून गेला. आणि खरा निघाला तर तुझी तक्रार खोटी. खोट्या तक्रारीला महिनाभर पाणी बंद, हा गावचा रिवाज तुला ठाऊक आहे."

महिनाभर पाणी बंद म्हणजे सातही वाफे गेले. ठकूबाईला ते कळत होतं. ती एवढंच म्हणाली, "बरं. बसा."

रखमाजी घरी आला तो तोंड पाडून. रात्रभर त्याला आपलं ते बोट दिसत होतं. आपण कोणाकडून शेंग घेतली नाही, पण त्या बाईचे पाच वाफे घेतले, हे त्याला आता कळलं आणि फार वाईट वाटलं. सकाळी त्यानं सगुणाला सगळं सांगितलं. म्हणाला, "बोट मी आता लावणार नाही. हात बांधून बसेन. पण दुपारी डोळा लागतो त्याचं काय करू? आजपासून दुपारचं जेवणच बंद."

"अहो, ऐका तरी," सगुणा म्हणाली.

पण त्यानं ऐकलं नाही. त्या दिवशी सकाळी काही नाही, दुपारीही काही नाही. चौदा टोल्यांपर्यंत तो हात बांधून बसला. सतराव्या घटकेला वाटी त्याला अनरशासारखी दिसायला लागली. अठराव्याला त्याचा तोल गेला आणि तोंड घंगाळात. वाटी, पागोटं आणि रखमाजी एकदमच बुडाले. त्या दिवशी गावात अठरा टोले पडलेच नाहीत, नुसता एक मोठा बुडबुड आवाज झाला.

सगुणा धावत आली. त्याचं डोकं पुसता पुसता तिचा संताप झाला. तिनं ती वाटी घेतली आणि पाण्यावर सोडली. "बघा इकडे. हिला घटकाभर कोण तरंगत ठेवतं?"

"भोक बारीक आहे म्हणून तरंगते."

"म्हणजे थोडं थोडं आत जातं म्हणून. आता हे बघा." तिनं भरलेला तांब्या उचलला आणि सगळा त्या वाटीत ओतला. वाटी क्षणात तळाला गेली. "हे तुमचं दुपारचं जेवण. सकाळपासून कोरडी ठेवायची आणि मग एकदम तांब्या. आणि वर म्हणायचं, अहो, बुडाली कशी."

रखमाजी ओल्या मिशांनी तळातल्या वाटीकडे बघत राहिला. आयुष्यभर तो ती वाटी बघत होता आणि त्याला हे कधी सुचलं नव्हतं. त्याला जरा लाजच वाटली. "बरं," तो म्हणाला. "तू सांगशील तसं."

हे तीन शब्द ऐकायला सगुणा बावीस वर्षं थांबली होती. तिनं वेळ घालवला नाही.

दुसऱ्या दिवशी उगवतीला, पहिली वाटी पाण्यावर सोडायच्या आधी, त्याच्यापुढे एक ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ आली. त्याला घास गिळेना. भूकच नव्हती, कारण रात्रीचं पोट तसंच. तेव्हा सगुणानं संध्याकाळचं जेवण दिवेलागणीलाच आणलं आणि तेही मुगाची खिचडी, एकदाच वाढलेली. आणखी मागितली तर सगुणा कढई घासायला घेऊन गेलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी रखमाजीला आपण होऊन भूक लागली. असं आपल्याला होतं हे तो विसरूनच गेला होता.

आठ टोल्यांना मूठभर फुटाणे आणि दाणे. दर दोन घटकांनी फुलपात्रभर पाणी, आणि त्यासाठी उठावं लागलं तर सगुणा वाटीपाशी बसायची. दुपारी दीड भाकरी, पालेभाजी, वरण, काकडी, ताक, आणि जेवल्यावर भिंतीला टेकायचं नाही, टोला देऊन झाला की चावडीला चार फेऱ्या. एकवीस टोल्यांना एखादा पेरू नाहीतर बोरं. गुळाचा डबा सगुणानं फडताळावर इतका वर ठेवला की तो काढायचा तर शिडी लागावी.

पहिले चार दिवस रखमाजी कुरकुरला. दुपारी दीड भाकरीनंतर टोपलीकडे असा बघायचा की सगुणाला हसू आवरायचं नाही. पाचव्या दिवशी वीस टोले पडून गेले आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण जागे आहोत. डोकं स्वच्छ, हात थरथरत नाहीत, कोणाचा राग येत नाही. चौदाव्या घटकेला वाटीकडे बघताना बोट नुसतं मांडीवर पडून होतं. बांधावंही लागलं नाही.

बाराव्या वाफ्याला पाणी जायला लागलं हे ठकूबाईनं पाहिलं. पण तक्रार दिलेली होती, आणि ती काही मागे घ्यायला येणारी बाई नव्हती.

परीक्षेचा दिवस उजाडला. पाटील आले, जोशीबुवा आपली वाटी आणि कोळसा घेऊन आले, दोन म्हातारे पंच आले. दोन्ही वाट्या एकदम पाण्यावर सोडल्या. रखमाजी टोले द्यायचा आणि जोशीबुवा आपली वाटी बुडाली की भिंतीवर कोळशानं रेघ ओढायचे. सकाळच्या पंधराही रेघा टोल्यांशी तंतोतंत जुळल्या. ठकूबाई शेतात दारं धरून उभी होती, तिला इथलं काही कळत नव्हतं.

पंधरावा टोला पडला आणि पाटलांच्या घरून जेवण आलं. पंचांना जेवू घालायचं तर पाटील काय पिठलं-भाकरी घालणार? पुरणपोळ्यांची चळत, तुपाचं मोठं भांडं, कटाची आमटी, मसालेभात, कुरडया, भजी. पंच सकाळपासून उपाशी होते. पाटलांकडे जेवण आहे हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी घरी न्याहारी घेतलीच नव्हती, पोट राखून ठेवलं होतं.

पाटील स्वतः वाढायला उठले. "रखमाजी, बस पंगतीला."

रखमाजीनं अर्धी पोळी घेतली, तीही सगुणाच्या टोपलीतली भाजी-भाकरी खाऊन झाल्यावर. पोळी त्याच्या जिवाची आवडती. पूर्वी त्यानं सहाच्या खाली बात केली नसती. पण आज त्याला भूकच तेवढी होती, आणि भूक तेवढीच असली की नाही म्हणणं सोपं जातं.

"हे काय, अर्धीच?" पाटील म्हणाले. "आमच्या घरचं आवडलं नाही?"

"आवडलं म्हणून तर चावून चावून खातोय, पाटील."

"एक तरी घे. माझा मान राख."

"मान तुमचा, पण वाटी माझी," रखमाजी म्हणाला आणि हात धुऊन घंगाळापाशी जाऊन बसला.

पाटलांनी मग सगळा आग्रह बाकीच्यांवर काढला. जोशीबुवा नको नको म्हणत ताट पुढे करत होते. म्हातारे पंच एकमेकांना वाढत होते. सातव्या पोळीला जोशीबुवांनी शपथ घातली, आठवीला पाटलांनी ती मोडली.

सोळा टोले पडले, सोळावी रेघ ओढली गेली. सतरावी जरा वाकडी आली. एक म्हातारा पंच खांबाला टेकला तो टेकलाच. दुसरा बसल्या जागी पुढे वाकला. पाटील म्हणाले, "मी जरा पाठ टेकतो, तुम्ही आहातच." जोशीबुवा म्हणाले, "मी डोळे मिटून गणित करतो."

 आपण रोज कसे दिसत होतो ते रखमाजीला आता समोरून दिसत होतं, उघड्या तोंडासकट.

जोशीबुवांची वाटी बुडून तळाला गेली. "जोशीबुवा," रखमाजीनं हलवलं, "तुमची वाटी बुडाली."

"ऐकतोय," जोशीबुवा म्हणाले आणि कूस बदलून घोरायला लागले.

रखमाजीनं अठरा टोले दिले. कानापाशी काशाची थाळी दणदणत होती आणि पंचांपैकी एकाची पापणी हलली नाही. एकोणीस. वीस. एकवीस टोल्यांना त्यानं चार बोरं खाल्ली, पाणी प्यायला आणि चावडीला फेरी मारून आला. चोवीस टोले पडत असताना जोशीबुवा धडपडून उठले. किती टोले झाले हे विचारायची त्यांना लाज वाटली. त्यांनी गपचूप अठरावी रेघ ओढली आणि आपली वाटी तळातून काढून पाण्यावर सोडली.

सूर्य बंधाऱ्यामागे टेकला तेव्हा रखमाजीनं तीस टोले दिले. पाटील जागे झाले, मिशा नीट केल्या आणि भिंतीकडे बघितलं. रेघा चोवीसच.

"सहा टोले जास्त?" पाटील गरजले. "रखमाजी, तास गेला तुझा."

रखमाजीनं नुसतं पश्चिमेकडे बोट केलं. सूर्य अर्धा बुडालेला होता. आज मावळतीला तीस घटका हे पाटलांनी स्वतः सांगितलं होतं. पाटलांनी सूर्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि मग जोशीबुवांकडे बघितलं. जोशीबुवा धोतरावरचं पुरण खरवडत होते.

"म्हणजे तास खरा," पाटील जरा सावरून म्हणाले. तेवढ्यात ठकूबाई शेतातून येऊन पायरीशी उभी राहिली. हाताला चिखल, कमरेला पदर खोचलेला. "ठकूबाई, परीक्षा झाली. तास खरा निघाला. तुझी तक्रार खोटी. उद्यापासून महिनाभर तुझं पाणी बंद."

 वाद घालायचा तर ठकूबाई कशाच्या जोरावर घालणार? ती खाली बसली आणि पदरानं तोंड पुसायला लागली.

रखमाजी जिंकला होता. चार पिढ्यांचा तास घरात राहिला होता. आता नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायचं काम त्याच्याइतकं गावात कोणाला जमत नव्हतं. त्यानं सगुणाकडे बघितलं. ती टोपली आवरत होती.

"पाटील," रखमाजी म्हणाला, "तक्रार खरी आहे. आठ दिवसांपूर्वीपर्यंत तास खोटाच वाजत होता. सकाळी मी उपाशी बसायचो. भूक सोसायची नाही, म्हणून वाटीला बोट लावून दुपार लवकर आणायचो. मावशीचे वाफे मी वाळवले. दुपारी तुडुंब जेवून झोपायचो, तेव्हा वाटी तळाला पडून राहायची आणि पाणी तुमच्या उसात वाहायचं. आज खरा वाजला कारण मी सात दिवस वेळेवर थोडं थोडं खातोय. माझा तास काढून घ्या, पण तिचं पाणी तोडू नका."

 पाटलांना त्यातली एकच गोष्ट समजली. "म्हणजे माझ्या उसाला मुळकूज नाही?"

"नाही पाटील. तो पोहत होता."

पाटलांनी तास काढून घेण्याचा निवाडा द्यायला तोंड उघडलं आणि जोशीबुवांनी त्यांचा हात धरला. "पाटील, यानं आपण होऊन सांगितलं. मी भिंतीवर अठरावी रेघ ओढली ती चोविसाव्या घटकेला. आपण चौघं एका दुपारच्या जेवणात आडवे झालो. निवाडा आपण कोणत्या तोंडानं द्यायचा?"

"मग कोण देणार?" पाटील म्हणाले.

सगळ्यांनी ठकूबाईकडे बघितलं. ती उठून उभी राहिली. रखमाजीकडे तिनं बराच वेळ बघितलं. राग होता, आणि तो असणारच होता. पाच वाफ्यांची वांगी काही परत येणार नव्हती.

"माझं गेलेलं पाणी पाटलांच्या उसात आहे," ती म्हणाली. "महिनाभर त्यांच्या पाळीतल्या दोन घटका मला द्या. उसालाही बरं. आणि तास काढू नका. दुसरा आणाल तो उपाशीच येईल, मग त्याला शिकवायला मी आणखी पाच वाफे कुठून आणू? पण एक अट आहे. रोज सकाळी मी इथं येणार. यानं माझ्यासमोर न्याहारी करायची. ती पोटात गेलेली मी बघेन, मगच पहिली वाटी पाण्यावर जाईल."

अट मान्य झाली. दुसऱ्या दिवसापासून ठकूबाई उगवतीला चावडीच्या पायरीवर येऊन बसायची. रखमाजीनं शेवटचा घास घेतला तरी ती उठायची नाही. "तोंड उघड," म्हणायची. "गिळलं? बरं, आता सोड वाटी." पाटील आणि जोशीबुवा सुरुवातीला ही गंमत बघायला यायचे. मग त्यांना तिथंच एकेक भाकरी मिळायला लागली, आणि ठकूबाई त्यांचीही तोंडं उघडून बघायला लागली.

ऐकणाऱ्यांनी गाठीला बांधायचं ते इतकंच: ज्याच्या हातात दुसऱ्याचा वाटा आहे त्यानं आपलं पोट वेळेवर आणि बेतानं भरावं, कारण उपाशी माणूस दुसऱ्याचा वाटा तोडतो, आणि तुडुंब भरलेला माणूस तो झोपेत सांडतो.